शिरोरेघ आणि वायर

बारीकरावांचं वजन मी सांगणार नाही. त्यांच्यावर लिहायची परवानगी त्यांनी त्याच एका अटीवर दिली आहे. नाव कामावरून पडलंय. चाळीस वर्षं त्यांनी चषकांवर आणि पाट्यांवर बारीक अक्षरात नावं कोरली. दुकान बंद केल्यावर घराच्या मागच्या खोलीत टेबल मांडून कोरतच राहिले.

त्या सकाळी टेबलावर नौका क्लबचा चांदीचा चषक होता. वर्षानुवर्षांचे विजेते, सगळे बारीकरावांच्याच हातचे. आता एकच जागा उरली होती, दोन बोटांएवढी. पुढच्या वर्षी क्लब नवा चषक आणणार होता. बारा वाजता सेक्रेटरी न्यायला येणार, आणि चांदीवर चुकलेलं खोडता येत नाही.

मी अकराला टपकलो, माझं नवं बॅटरीवालं कोरायचं मशीन मिरवायला.

“आलं गल्लीचं वर्तमानपत्र,” वहिनी म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

टेबलावर सरावाच्या पितळी पट्ट्यांचा ढीग होता. प्रत्येकीवर यंदाच्या विजेत्याचं तेच पाच अक्षरी नाव. अक्षरं देखणी, पण डोक्यावरची रेघ बघवत नव्हती. अक्षर जरा इकडेतिकडे झालं तर वळण म्हणून खपतं. शिरोरेघ सरळ तरी असते, नाहीतर नसते.

“वायर ओढते रे,” बारीकराव म्हणाले. जुन्या मशीनची काळी वायर टेबलामागच्या सॉकेटपर्यंत गेली होती. “रेघ मारायला गेलं की मागून खेचते. सासूसारखी.”

“माझ्या आईने तुम्हाला कधी खेचलं हो?” वहिनी म्हणाल्या.

“मग हे घ्या,” मी म्हणालो. “वायर नाही, कटकट नाही. गच्चीत न्या हवं तर.”

“चषक गच्चीत कशाला नेऊ?” म्हणाले, पण झडप घालूनच घेतलं. हातात तोलून बघितलं. “याचं पोट मोठंय.”

“तुमचाच नातेवाईक.”

नव्या पट्टीवर रेघ सुरू झाली. निम्म्यापर्यंत सुतासारखी गेली आणि मग थरथरली. बारीकरावांनी बटण बंद केलं.

“बॅटरी उतरली.”

मुठीवरचा दिवा हिरवागार होता. मी सकाळीच चार्ज केलं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, “हो, उतरली असेल.”

त्यांनी दिव्याकडे पाहिलंच नाही. वहिनींना विचारलं, “कुठला दिवा आहे गं?”

वहिनींनी वाकून पाहिलं. “हिरवा,” त्या म्हणाल्या.

दोन महिने त्यांच्या हातात कप आणि बशी एकमेकांवर वाजत होती, आणि मी गल्लीभर सांगत होतो की बारीकराव हल्ली चहा वाजवून पितात. आता मला माझी जीभ कुठे लपवावी कळेना.

“क्लबला फोन करू?” मी विचारलं. “दुसऱ्या कुणाकडून...”

“शेवटची जागा आहे,” ते म्हणाले. “ती माझी आहे.”

पावणेबारा झाले होते. वहिनी उठल्या. बॅटरीवालं मशीन माझ्या मांडीवर ठेवलं. जुन्याची वायर उचलून स्वतःच्या खांद्यावरून घेतली, ढिली सोडली.

“वायर मी धरते. आता ओढायची नाही.”

आणि दुसरा तळवा बारीकरावांच्या मनगटाखाली सरकवला, जणू तोही वायरीचाच भाग.

पाच अक्षरं झाली. मग शिरोरेघ. चांदीचा भुसा उडत होता. तिसऱ्या अक्षरावर मनगट हललं. मला दिसलं. वहिनींचा तळवा किंचित वर आला आणि टोक पुढे सरकलं.

चौथ्या अक्षरावर दारावरची घंटा वाजली. सेक्रेटरी पाच मिनिटं लवकर आले होते. दुसऱ्याच्या दारावर घंटा वाजली तरी मी धावतो, पण तेव्हा श्वास रोखून बसलो. घंटा पुन्हा वाजली.

“वाजू दे,” वहिनी ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

रेघ पाचव्या अक्षरावरून पार गेली आणि थांबली. मग मी दार उघडलं.

सेक्रेटरींनी चषक खिडकीपाशी नेला, तिरपा धरला, रेघेवरून अंगठा फिरवला. “तोच हात,” ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. “अहो, अजून हे वायरवालं? बॅटरीवालं घ्या की आता.”

“बघितलं वापरून,” बारीकराव म्हणाले. वहिनींच्या खांद्यावर वायर अजून तशीच होती. “पण त्याला धरायला काही नाही हो.”