जीर्णोपस्कर-कक्षासमोरची रांग

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, त्या काळी कचेरीत मला सगळे हुशार समजत. पुढचं ऐकल्यावर तुमचा यावर विश्वास बसायचा नाही, म्हणून आधी सांगितलं. चहा घ्या आणि ऐका. आयुष्यात एकदाच मी भाषेची सेवा करायला निघालो, आणि अशी फजिती झाली म्हणता! अजून त्या कचेरीवरून जायची वेळ आली तर मी पलीकडच्या रस्त्याने जातो.

साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. सरकारी कारभार मराठीत आणायचं वारं जोरात होतं. नागपुरात आमच्या कचेरीत रहिवासाचे, वयाचे असे दाखले मिळत. मी तिथे कारकून, आणि बी.ए.ला संस्कृत घेतलेला! साहेबांनी मलाच बोलावलं.

"सगळ्या पाट्या आणि सगळी रजिस्टरं मराठीत करा. महिन्याभरात."

मला काय, तेच हवं होतं! इंग्रजीला तर मी हाकललंच, पण हळूहळू मला 'दाखला' आणि 'अर्ज'सुद्धा परके वाटायला लागले. 'खिडकी' तर अगदीच गावंढळ. मग खिडकीचं झालं गवाक्ष, दाखल्याचा प्रमाणलेख. बाहेर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट दाखवणारा आमचा चपराशी नामदेव, त्याला आज्ञावाहक केलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, "घरी सांगतलं मी बाबूजी. बायको म्हने, पगार वाढला काय?"

व्हरांड्याच्या टोकाला, माझ्या जागेवरून न दिसणारी, मोडक्या खुर्च्या-टेबलांची एक बंद खोली होती. तिलाही नाव नको? मी दिलं: 'जीर्णोपस्कर-संग्रह-कक्ष'. हा शब्द सुचला त्या दिवशी मला आनंदाने नीट जेवणसुद्धा गेलं नाही! पाटी एवढी लांब झाली की पेंटरला दोन फळ्या जोडाव्या लागल्या.

सोमवारी पाट्या लागल्या. नेमका सोमवारीच नामदेव भाचीच्या लग्नाला हुडकेश्वरला गेला, तीन दिवसांची रजा घेऊन.

आणि काय चमत्कार! माझ्या गवाक्षापाशी एरवी नुसती झुंबड असायची. तिथे सोमवारी कोणी नाही. मंगळवारी नाही. बुधवारीही नाही. मला काय वाटलं असेल, सांगा बरं? मला वाटलं, मराठीचा विजय! पाट्या इतक्या स्वच्छ झाल्या की लोकांना काही विचारायची गरजच उरली नाही. मी आपला खुर्चीत बसून आणखी शब्द पाडत होतो.

गुरुवारी नामदेव आला, तोही दुपारी तीनच्या पुढे. आल्या आल्या माझ्यापाशी.

"बाबूजी, त्या मोडक्या खुर्च्यांच्या खोलीपुढं एवढी लाइन काहून लागली हाये?"

जाऊन पाहतो तर तीस-चाळीस माणसं! दाराला हे भलंमोठं कुलूप, आणि दारासमोर चपला काढून ठेवलेल्या. देवळात काढतात तशा. पुढे एक म्हातारेबुवा उभे होते.

"काय करून राहिले तुम्ही इथं?" माझीही भाषा घसरली.

"साहेबाची वाट पाहून राहिलो जी."

"कोणत्या साहेबाची?"

त्यांनी पाटीकडे बोट केलं. "मोठेच असतीन. एवढं लांब नाव लहान साहेबाचं कसं राहीन?"

मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात त्यांच्या मागची मुलगी पुढे आली. अठरा-एकोणीस वर्षांची, हातात कापडी पिशवी.

"बाबूजी, मी विमल. मौद्याहून सोमवारपासून रोज येऊन राहिली. नर्सच्या ट्रेनिंगमधे नंबर लागला माझा. रहिवासाचा दाखला आज पाचच्या आत नाही नेला, तं जागा दुसरीले देतीन."

घड्याळात चार वाजायला आले होते.

"अगं, मग कोणाला विचारलं का नाहीस?"

"इचारलं ना. समदे म्हनत, हेच लाइन हाये."

"आणि पाटी? पाटी वाचता येत नाही?" बघा माझा आवाज! चूक माझी आणि वर मीच ओरडतोय.

"वाचली जी. मॅट्रिक पास हाये मी, आमच्या वस्तीतली पहिली पोरगी. पाटी नाही समजली तवा वाटलं, आपलंच शिक्षन कमी पडलं."

काय सांगू तुम्हाला! कोणी थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं. मला खरोखर लाज वाटली. चार दिवस ती पोर मोडक्या खुर्च्यांपुढे अनवाणी उभी होती आणि दोष स्वतःला देत होती.

तिला घेऊन मी धावतच आत आलो. गलका ऐकून साहेबही बाहेर आले. विमलचा दाखला आठ दिवसांपूर्वीच सही होऊन तयार होता, दाखले वाटपाच्या रजिस्टरात टाचलेला. नुसतं रजिस्टर काढायचं आणि तिची सही घ्यायची. दोन मिनिटांचं काम!

मी कपाट उघडलं. आत अठरा रजिस्टरं. सगळ्यांना शोभा यावी म्हणून मीच तपकिरी कव्हरं घातलेली, आणि त्यांवर माझ्याच वळणदार अक्षरात: प्रदत्त-प्रलेख-पंजिका. प्रदेय-प्रलेख-पंजिका. प्रेषित-प्रलेख-पंजिका. प्रस्तुत-प्रलेख-पंजिका...

यातलं दाखल्यांचं कोणतं?

एक उघडलं, आवक निघाली. दुसरं उघडलं, त्यात जावक. तिसऱ्यात रजेचे अर्ज. मला घाम फुटला. साहेब बघतायत, विमल घड्याळाकडे बघतेय.

मागून नामदेवचा हात आला आणि खालच्या फळीवरचं एक रजिस्टर त्याने सर्रकन ओढलं. "हे घ्या. उंदरानं कोपरा कुरतडला हाये ना, थेच दाखल्याचं."

त्यातच होता. विमलने सही केली तेव्हा सव्वाचार झाले होते. नामदेव म्हणाला, "चाल वं पोरी, सायकलवर नेतो तुले," आणि दोघं गेलेसुद्धा.

बाकीच्या लोकांना मी स्वतः खिडकीपाशी नेलं. हो, खिडकीच म्हणालो! एकेकाचा दाखला देत होतो, पण लक्ष सगळं पाचच्या ठोक्याकडे. डोक्यात विचार चालूच होते. नवे शब्द रुजत नाहीत असं थोडंच आहे? दिनांक, क्रमांक हेही कोणीतरी बसून घडवलेलेच ना? आज भाजीवालासुद्धा क्रमांक म्हणतो. आणि तिकीट, टेशन कोणीच घडवले नाहीत, तेही आपलेच झाले. म्हणजे शब्द कुठून आला याची लोक पर्वा करत नाहीत. ते त्याला आधी कामाला लावून पाहतात. कामाचा निघाला तर घरात घेतात. मी मात्र चाळीस शब्द घडवले आणि एकालाही काम दिलं नाही. त्यांना फक्त पाटीवर मिरवायला बसवलं.

साडेपाचला नामदेव घामाघूम होऊन परतला. "जमलं बाबूजी! पाचाले धा मिनिटं होते." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

साहेब तेवढ्यात पुन्हा कपाटापाशी आले होते. एक रजिस्टर हातात घेऊन त्यांनी मला हाक मारली.

"'प्रस्तुत-प्रलेख-पंजिका'. हा शब्द कोणाचा?"

"माझाच, साहेब."

"वा! अर्थ काय याचा?"

मी नामदेवकडे पाहिलं.