न उसवणारी शिवण

बाजारगल्लीवरची ताडपत्री मावशींनी शिवली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्हीकडच्या गॅलऱ्यांच्या कठड्यांना बांधलेली. मेणाचा दोरा, दुहेरी टाका. "माझी शिवण उसवली तर नाव बदला माझं," असं त्या येता-जाता ऐकवत. आजवर एक टाका हलला नव्हता.

चक्रीवादळ जमिनीवरून आत सरकतंय, संध्याकाळपर्यंत इथे पोचेल, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. गल्ली हसत होती.

"समुद्र बघायला आपल्याला रात्रभर गाडीत बसावं लागतं," कुलूपवाले काका म्हणाले. "वादळ काय तिकीट काढून येणार?"

"आणि मावशींची ताडपत्री आहे की डोक्यावर!" भांडीवाला म्हणाला.

मावशींची मान ताठ झाली. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. ताडपत्री टम्म फुगली. मावशींच्या भांगात काहीतरी भुरभुरलं. सिमेंट. त्यांनी वर पाहिलं. शिवण जागच्या जागी होती. पण ताडपत्रीच्या ओढीने कठडा हलत होता. त्याला टेकून कुलूपवाल्यांची बायको वाळलेले कपडे काढत होती.

"काकू, मागे व्हा!" मावशी ओरडल्या. मग सुनेकडे वळल्या. "शिडी आण. आणि मोठी कात्री."

"अहो आई, गाठी सोडू ना. कापायची कशाला?"

"कठड्याच्या कड्या गंजून गाठी आत घट्ट बसल्यात. सोडवेपर्यंत वादळ येऊन जेवून जाईल."

शिडीवर त्या स्वतः चढल्या. कठड्यालगतच्या शिवणीत पहिल्या टाक्याशी कात्री थबकली. मग ओठ दाताखाली धरून त्या उसवत गेल्या.

"वेड लागलंय का?" काका खालून ओरडले. "पावसात आम्ही डोक्यावर परात धरायची का?"

"धरा. कठड्यापेक्षा हलकी असते."

भांडीवाला हसला. हसतहसतच त्याने शिडी धरली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत एक गॅलरी तिला बांधलेल्या पत्र्याच्या छपरासकट रस्त्यावर पडलेली होती. बाजारगल्लीतले सगळे कठडे जागेवर होते. दुकानं मात्र चिंब. काका पाणी उपसत होते.

"मावशी, आता परत शिवून द्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पहिल्यासारखीच पक्की."

"पहिल्यासारखी नाही."

मावशींनी मशीनमध्ये साधा सुती दोरा ओवला. कठड्यालगतच्या शिवणीवर एकेरी टाका घातला. सून बघतच राहिली.

"आई, हे तर जोराच्या वाऱ्यात उसवेल."

"उसवणारच," मावशी मान ताठ करून म्हणाल्या. "मी शिवलंय."