अडुळशाची पानं धुताना

नागभीडच्या बसस्टँडवर आईने माझ्या मांडीवर अडुळशाच्या तीन काड्या ठेवल्या. बुडाशी ओला चिखल, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी आणि वरून प्लास्टिकची पिशवी. माझ्या पदराच्या गाठीत वालाचं आणि दोडक्याचं बी होतं. नवऱ्याला गडचांदूरकडे ट्रकवर काम लागलं होतं, म्हणून आम्ही निघालो होतो. कंडक्टर पिशवीकडे पाहून म्हणाला, "बाई, हे झाड मोठं झालं का याचं अर्धं तिकीट लागन बरं."

सगळी बस हसली. मला मान वर करवेना. आईच खिडकीखालून बोलली, "मोठं तं होऊ दे भाऊ. मंग तुया खोकल्याले बी पानं देईन माई पोरगी."

मी लहानपणापासून अशीच. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, एकटीने जायची भीती वाटायची, म्हणून चौथीवरच थांबले. हेसुद्धा पोरीच्या जुन्या वहीतल्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे, घरात कोणी नसताना.

आमच्या गावच्या घरामागे छोटी वाडी होती. कुंपणावर वालाच्या शेंगा, सांडपाण्याच्या कडेला कोचईची, म्हणजे अळूची, पानं, उन्हात अंबाडी. मीठ, तेल, गूळ सोडलं तर आई बाजारातून फार काही आणायची नाही. कोपऱ्यात अडुळसा होता. घरात कोणाला खोकला झाला की सकाळी त्याच्याजवळ जायचं, फांदीला हात लावायचा, कोणासाठी पान पाहिजे त्याचं नाव सांगायचं आणि मग तोडायचं. तोडलेलं पान धुवायचं नाही. "धुतलं का त्याचा गुण जाते," आई म्हणायची. आणि काढ्याला तीनच दिवस द्यायचे, चौथ्या दिवशी दवाखाना. मला माणसांपेक्षा झाडाशी बोलणं सोपं वाटायचं, म्हणून पानं आणायचं काम माझ्याकडेच असायचं.

गडचांदूरला आमची खोली मोठ्या रस्त्याच्या कडेला होती. मागच्या भिंतीशी नुसता मुरूम. महिनाभर मी नाल्याकाठची माती घमेल्याने वाहिली. तीन काड्यांतली एकच जगली. वाल मात्र पहिल्याच वर्षी पत्र्यावर चढला. शेजारच्या वंदनाताई अंगणवाडीत काम करतात. त्या भिंतीवरून डोकावून म्हणायच्या, "काय वं, मानसाशी बोलत नाई अन् झाडाशी गोष्टी करून राह्यली?" मी लाजून आत पळायचे. पण हळूहळू त्याच पानं न्यायला आल्या, मग त्यांची जाऊ, मग पलीकडची तेलुगू बोलणारी बाई. मी प्रत्येकीचं नाव झाडाला सांगायचे. त्या नव्या गावात मला कोणी ओळखत असेल तर त्या एका झाडामुळे.

मग माझ्या पोरीला, पिंकीला, खोकला झाला. ती तेव्हा पाच वर्षांची होती. मी रीतीप्रमाणे झाडाला तिचं नाव सांगितलं, पानं तोडली, तशीच उकळली, गूळ घालून पाजली. तीन दिवस झाले, खोकला वाढतच गेला. चौथ्या सकाळी नवरा म्हणाला, "चाल, दवाखान्यात नेऊ." आणि मी म्हटलं, एक दिवस थांबा. आईचा नियम मला पाठ होता, तरी म्हटलं. काढा हरला तर मी गावाहून आणलेलं सगळंच खोटं ठरेल, असं मला वाटत होतं. त्या वेळी मी पोरीपेक्षा झाडाची बाजू घेतली. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात वंदनाताई आल्या. पोरीचा श्वास ऐकून त्यांचा चेहरा बदलला. चुलीजवळ ठेवलेलं एक पान त्यांनी उचललं, त्यावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा माझ्यापुढे धरला. पांढरा झाला होता. रस्त्यावर दिवसभर सिमेंटचे ट्रक धावायचे, सगळी धूळ झाडावर बसायची. "हे पाजून राह्यली तू पोरीले? ऊठ पहिले. दवाखान्यात चाल."

पोरगी चार दिवसांनी बरी झाली. खोकला त्या धुळीनेच वाढला का, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. पण मी पानं तोडणं बंद केलं. कोणी मागायला आलं की म्हणायचे, झाड कोमेजलं आहे. झाड तर हिरवंगार होतं.

आईला सांगायला मला दोन महिने लागले. फोनवर रडत रडत सांगितलं, पोरीच्या खोकल्याचं, न धुतलेल्या पानांचंही; एक दिवस थांबा का म्हटलं, तेवढं सोडून. आई म्हणाली, "अवं बाई, मी काऊन नोती धुवत? तवा पानी होतं कुठी? उन्हाळ्यात विहीर आटे अन् नदीवर जा लागे."

"मंग गुण जाते असं काऊन म्हनत होती तू?"

"पानी नाई म्हनलं असतं तं तू घागर घेऊन निघाली असती. एवढीशी होती तू. भर उन्हात."

इतकी वर्षं जो नियम मी देवासारखा पाळला, तो मला उन्हात जाऊ न देण्यासाठी होता. दुसऱ्या दिवसापासून मी पानं दोन पाण्यांतून धुवायला लागले. धुतलेलं पाणी दोडक्याच्या बुडाशी टाकते. तीन दिवसांचा नियम मात्र पुन्हा मोडला नाही. पोरीला तेव्हापासून धूळ उडाली की दार लावायची सवय लागली आहे.

गेल्या वर्षी आईच्या अंगणात नळ आला. पाइपासाठी नाली खोदली, त्यात तिचा अडुळसा मुळासकट गेला. फोनवर म्हणाली, "पानी आलं बाई, पन खोकल्याले पान नाई आता. तुया झाडाची फांदी आनजो."

मी डब्यात जगवलेलं रोप मांडीवर घेऊन बसने गेले. या वेळी कंडक्टरने काही विचारलं नाही. पिंकीच त्याला सांगत सुटली, "आजीच्या घरी चाललं झाड."

आईने जुन्याच कोपऱ्यात खड्डा करून ठेवला होता. तिनेच रोप लावलं, फांदीला हात लावून ते कोणी आणलं म्हणून माझं नाव सांगितलं. मग पानांवरची पांढरी धूळ तिला दिसली. तिने नळ सोडला आणि एकेक पान तळहातावर घेऊन धुवायला लागली. खालून, वरून, देठापर्यंत. पाणी तिच्या पायांवरून अंगणभर वाहत होतं. आईला एवढं पाणी सांडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी नळ बंद केला नाही.