गावडेसरांचा उघडा कोड

ऑफिसात कमी बोललं की लोक तुमच्यासमोर काहीही बोलतात. कपाटासमोर बोलल्यासारखं! लग्नाला सहा महिने झाले. मुलुंडच्या घरी सासूबाई रोज चहा देताना विचारतात, "काय गं, आज काय झालं?" मी म्हणते, "काही नाही." असे बरेच "काही नाही" आता साठलेत.

आमची पवईतली छोटी कंपनी नर्सिंग होमसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यात आमच्या गावडेसरांनी लिहिलेला कोडचा एक तुकडा आहे. पेशंटचं नाव मराठीत टाका की इंग्रजीत, माणूस एकच आहे हे तो ओळखतो. सरांनी तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट, उघडा ठेवलाय, म्हणजे ओपन सोर्स: कुणीही आतलं वाचावं, वापरावं. मालक शहासरांना तो काढून विकतचा, बंद कोड घ्यायचा होता. वर्षभर ऑफिसात हीच धुसफूस.

*

घाटकोपरच्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर सेफ कशावरून?"

शहासर हसले. "मॅडम, आतलं कुणाला दिसतच नाही! मग चोर करणार काय?"

बाईंनी चष्मा काढला. "पोटातलंही कुणाला दिसत नाही. म्हणून तर माझा दवाखाना चालतो."

ऑर्डर मिळाली. परतीच्या रिक्षात शहासरांनी तोच विनोद मला पुन्हा सांगितला, बाईंचं वाक्य गाळून.

*

गावडेसर बोरिवलीचे, मूळ मालवणकडचे. पन्नाशीचे, लग्न नाही, घरी ते आणि आई. शेजारच्या टेबलावरची श्रद्धा त्यांना एकदा म्हणाली, "सर, फुकट का वाटता हो? काय फायदा?"

"अगं, हजार लोकांना दिसलं की चुका सापडतात."

"किती सापडल्या?"

"नऊ वर्षांत? तीन."

"बघा! कुणी शोधल्या?"

सरांनी डबा बंद केला. "मीच."

*

बंद सॉफ्टवेअरचंही ऐका. प्रिंटिंगसाठी आम्ही अंधेरीच्या एका कंपनीचं विकत घेतलंय. एकदा डिस्चार्जच्या कागदावरून ॲलर्जीची ओळच गायब व्हायला लागली. पेनिसिलिन चालत नाही, हे कागदावर नाहीच! आतलं आम्हाला उघडता येत नाही, म्हणून आठवडाभर रोज फोन. आठव्या दिवशी तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, क्लोज झालंय."

"दुरुस्त झालं?"

"नाही मॅडम. तक्रार क्लोज झालीय."

तोवर नर्स ती ओळ पेनाने लिहीत होत्या. अजूनही लिहितात.

*

श्रद्धाने जेवताना मला विचारलं, "नवऱ्याच्या फोनचा पिन माहितीय?"

"हो. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितला त्याने."

"मग बघितलास फोन?"

"नाही."

"झकास! म्हणजे नवरा तुझा ओपन सोर्स. उघडा आहे, एवढ्यावरच तू खूश!"

सगळे हसले. मीही हसले. घरी जाऊनही मी फोन बघितला नाही.

*

आमच्याकडे नियम आहे, नवा कोड घेण्याआधी दोघांनी तपासायचा आणि स्क्रीनवर 'ठीक आहे'चा अंगठा द्यायचा. माझ्यासोबत तपासणारा निखिल दोन मिनिटांत देतो. मी एकदा विचारलं, "काय रे, कोड वाचलास?"

"तुझा अंगठा बघितला ना! तू वाचतेस."

त्या दिवशी मी वाचला नव्हता. गावडेसरांच्या कोडची नवी आवृत्ती होती. गावडेसरांचं काय तपासायचं, असं मला वाटलं होतं.

*

ती आवृत्ती सरांची नव्हतीच. त्यांच्या आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांना कोडकडे बघायला वेळ नव्हता. तो वापरणाऱ्यांचे जगभरातून मेल यायचे, "अजून का झालं नाही?" एकच माणूस नीट बोलायचा. टोपणनावाने लिहायचा, मदत करायचा. सात-आठ महिन्यांनी सरांनी त्याला चावी दिली, म्हणजे कोड बदलायची परवानगी. त्या नव्या आवृत्तीत त्याने दोन ओळी घातल्या आणि पेशंटची नावं, फोन नंबर गुपचूप भलतीकडे जायला लागले. कळेपर्यंत दोन नर्सिंग होमचे गेलेसुद्धा.

शहासर सगळ्यांसमोर कडाडले, "गावडे, नाव-गाव माहीत नाही, त्याला चावी दिलीत? असा होता तरी कोण?"

सर चिडले किंवा घाबरले की मालवणीत जातात. "बरो माणूस होतो तो, सर."

कुणीतरी फिसकन हसलं.

"संध्याकाळच्या आत त्याला काढा. आणि तुमचा कोडही उद्यापासून आपल्याकडे नको."

सर "हो" म्हणाले. नऊ वर्षांचं काम, आणि फक्त "हो".

पाचच्या सुमारास मी त्यांच्या टेबलाशी गेले. एक अंगठा माझा होता, हे सांगायचं होतं. ते राहूनच गेलं. स्क्रीनवर त्या माणसाचा मेसेज नुकताच येऊन पडला होता. पहिली ओळ होती, "आई आज कशा आहेत?"

ऑफिसात हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

सरांनी एका बोटाने टाइप केलं, "बरी आहे. आज स्वतःच्या हाताने जेवली."

पाठवलं. आणि मग त्याची चावी काढून घेतली.