कुतुबभाईंच्या खोलीवरची कुलपं

नाव : श्री. कुतुबुद्दीन इमामसाहेब शिकलगार. हुद्दा : शाखा कार्यालयप्रमुख (मानद). राहणार : पलूसच्या शिवेला लागून असलेले गाव, जिल्हा सांगली, जन्मवेळी जिल्हा सातारा. वय : पंचावन्न, पक्षाच्या नोंदवहीत गेली अकरा वर्षे चव्वेचाळीस. धंदा : कोयते, विळे, कात्र्या यांस धार लावणे, कुलपे दुरुस्त करणे व किल्ल्या करून देणे. पक्षकार्य : कार्यालयाची झाडलोट, सतरंजी अंथरणे व गोळा करणे, पाहुण्यांस पाणी देणे, भाषणे ऐकणे. पक्षाकडून मिळालेला लाभ : निरंक. शेरा : सदर इसम शांत स्वभावाचा असून त्याची कोणत्याही गटाविषयी तक्रार नाही.

हा शेरा १९७८ सालच्या जानेवारीपर्यंत खरा होता.

कार्यालय म्हणजे कुतुबभाईंचीच एक सुटी खोली. दार रस्त्यावर, पाठ त्यांच्या परसाकडे. बासष्ट सालच्या निवडणुकीत पक्षाने ती आठ दिवसांसाठी मागून घेतली होती, आणि ते आठ दिवस अजून संपायचे होते. पुढच्या भागात पक्षाचं टेबल, चार खुर्च्या आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी. मागच्या कोपऱ्यात कुतुबभाईंची साण, म्हणजे लाकडी घोड्यावर बसवलेलं, पायाने फिरवायचं धारेचं चाक. सभा नसेल तेव्हा साण चाले, सभा असेल तेव्हा भाषण. ठिणग्या दोन्हींतून उडत. धार मात्र साणेवरच येते, असं समोरच्या चहाच्या दुकानातला नाथाजी म्हणायचा. कुतुबभाई त्यावर हसत नसत. ते पक्षाचे माणूस होते.

त्या जानेवारीत दिल्लीत पक्ष फुटला. यात गावाला नवल वाटलं नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वीही तो एकदा फुटला होता. तेव्हा तसबिरी बदलल्या, निवडणुकीचं चिन्ह बदललं, सतरंजी तीच राहिली. या खेपेला मात्र फूट गावापर्यंत आली. शाखेचे अध्यक्ष हंबीरराव एका गटात राहिले. त्यांना हुकूम सांगलीहून येत. चिटणीस लालासाहेब दुसऱ्या गटात गेले. त्यांचे कान साताऱ्याकडे लागलेले. म्हणून गावाने एकाला सांगलीवाले म्हटलं, दुसऱ्याला सातारवाले. दोघांत तात्त्विक भेद काय, हे कुणाला सांगता आलं नाही. पत्रकं दोघांनीही वाटली आणि गरिबी दोन्हींत हटणार होती. हंबीरराव आणि लालासाहेब एकमेकांचे साडू होते, हे मात्र सगळ्यांना सांगता येई.

फुटीच्या त्या आठवड्यात कुतुबभाई आणि त्यांची बायको हाजराबी माधवनगरला गेले होते. हाजराबीचा भाऊ तिथल्या गिरणीत कामाला होता, त्याच्या मुलीची सुपारी होती. दोन दिवसांनी एस.टी.तून उतरून बघतात तर खोलीच्या दाराला दोन कुलपं. वरच्या कडीला हंबीररावांचं पितळी, खाली नवा कोयंडा ठोकून लालासाहेबांचं लोखंडी. सकाळी एकाने लावलं, दुपारी दुसऱ्याने. कार्यालयाचा ताबा आपलाच, असं दोघांनाही आपापल्या वरिष्ठांना कळवायचं होतं, आणि दोघांनीही ते कळवलं होतं.

कुलपं कुतुबभाईंच्या चांगली ओळखीची होती. पितळी त्यांनीच मागल्या दिवाळीला दुरुस्त केलेलं, लोखंडीची किल्ली त्यांनीच घडवलेली. आत साण होती.

"उघडा की," हाजराबी म्हणाली. घरात ती दोघं आपल्या दखनीत बोलत, पण पक्षाचा विषय निघाला की हाजराबी मराठीवर येई. तिला त्यासाठी लागणारे शब्द त्या भाषेत जास्त होते. "तुमाला काय अवघड हाय?"

"अवघड न्हाई म्हणूनच उघडता येत न्हाई."

हे हाजराबीला ठाऊक होतं, तरी ऐकून तिचा जीव जळालाच. शिकलगाराच्या हातात गावाची सगळी कुलपं असतात. गाव त्याला राहू देतं ते एकाच बोलीवर : ज्याचं कुलूप, तो समोर उभा असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कुतुबभाईंच्या वडिलांनी एकदाच हा नेम मोडला होता. एका भल्या माणसाने आपली म्हणून आणलेली ट्रंक त्यांनी उघडून दिली. ती त्याच्या भावजयीची निघाली. पुढची सहा वर्षं पंचक्रोशीत कुठेही चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा शिकलगाराच्या दारात. मरताना म्हाताऱ्याने मुलाला दोन गोष्टी दिल्या, साण आणि हा नेम. पहिली आता दुसरीमुळे अडकली होती.

हंगाम ऐन भरात होता. ऊसतोडीच्या टोळ्या गावाभोवती उतरलेल्या, आणि टोळीचा कोयता आठ दिवसांत बोथटतो. वर्षाची भाकरी कुतुबभाई या चार महिन्यांत मिळवत. माणसं पाच-पाच कोयते काखेत मारून येत, दाराकडे बघत, एक म्हणे, "दोन कशाला रं?" आणि सगळे पुढच्या गावाला जात. तिथे एकाने नवी साण मांडली होती.

कुतुबभाई हंबीररावांकडे गेले.

"दादा, साण तेवढी काढू द्या. आमी ताबा मागत न्हाई."

"कुतुबभाई, माझं कुलूप म्हंजे तुमचंच कुलूप," हंबीरराव म्हणाले. "आत्ता काढतो. फकस्त लालासाहेबाला आधी काढाय सांगा. मी आधी काढलं तर ताबा सोडला आसा अर्थ हुतो."

लालासाहेबांनी हेच वाक्य सांगितलं, फक्त नाव बदलून. त्यांनी चहाही दिला.

"मग दोघं एकाच वक्ताला या," कुतुबभाई म्हणाले. "एक किल्ली वर, एक किल्ली खाली. कुणी आधी न्हाई, कुणी मागनं न्हाई."

"त्येच्या शेजारी मी हुभा ऱ्हायलो, आन् कुणी फोटू काढला तर?" लालासाहेबांनी विचारलं.

गावात कॅमेरा नव्हता. पण कुतुबभाईंनी वाद घातला नाही. ते सांगलीला गेले. तिथल्या कार्यालयात एक तरतरीत गृहस्थ म्हणाला, लेखी द्या. दिलं. मग साताऱ्याला गेले. तिथे कळलं, साहेब मेढ्याला सभेला गेलेत. मेढ्याला पोचले तर सभा उरकलेली, साहेब पुढच्या गावाला, मंडपवाला बांबू सोडवत होता. कुतुबभाई सवयीने त्याला सतरंजी गुंडाळायला लागले आणि दुसऱ्या टोकाला पोचल्यावर थांबले. "तुमची तुमी गुंडाळा," असं त्याला म्हणाले. त्याला काहीच कळलं नाही.

लेखी तिथेही दिलं. पंधरा दिवसांनी दोन्हीकडून उत्तरं आली. मूळ पक्ष आम्हीच असून आपली बाब विचाराधीन आहे, असं दोन्हींत होतं. नाथाजीने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. "ह्यो 'र' बघा," तो म्हणाला. "दोन्हीकडं त्येचं शेपूट तुटलंय. टायपिंगवाला एकच हाय गड्या. त्यो बरा फुटला न्हाई."

फेब्रुवारीत निवडणूक झाली. दोन्ही गटांनी कुतुबभाईंच्या परसात येऊन त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं आणि जाताना कुलपं ओढून बघितली. मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात हंबीरराव एका बाजूला, लालासाहेब दुसऱ्या बाजूला हात जोडून. कुतुबभाई आत गेले. बावन्न सालापासून त्यांचा शिक्का कधी डगमगला नव्हता. या वेळी त्यांनी तो एकदा एकावर मारला, मग शाई लावून दुसऱ्यावर मारला, आणि मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकली. बाहेर आल्यावर नाथाजीने विचारलं, कुणाला?

"दोघास्नी."

"मत बाद हुतंय आशानं."

"बाद झालेलं त्यांचं त्यास्नी कळू दे."

मोजणीत आमच्या भागातून बाद मतं बरीच निघाली म्हणतात. कुतुबभाईंची युक्ती त्यांना एकट्यालाच सुचली नव्हती. दोघा साडूंचे दोन्ही उमेदवार पडले, तिसराच आला. हंबीरराव म्हणाले, लोक अडाणी आहेत, शिक्का कुठे मारायचा ते अजून कळत नाही. लालासाहेब म्हणाले, मतदारांना शिक्षण द्यायला हवं. नाथाजी कप विसळत म्हणाला, "आडाणी न्हाईत. कटाळल्यात."

मग मार्चमध्ये मुंबईत दोन्ही गटांनी मिळून सरकार केलं. ज्यांनी महिनाभर एकमेकांना गद्दार म्हटलं ते शेजारी-शेजारी बसून शपथ घेते झाले. रेडिओवर बातमी लागली तेव्हा कुतुबभाई चहा अर्धा टाकून उठले. हाजराबीला म्हणाले, सुटलं. आता भांडणच राहिलं नाही.

कुतुबभाई विचारायला गेले तेव्हा हंबीरराव शांतपणे म्हणाले, "ते वरच्या पातळीवर झालं. खालच्या पातळीवर लेखी काय आलं न्हाई." लालासाहेबांकडे जाण्याची गरज नव्हती. तरीही कुतुबभाई गेले. तेच ऐकून आले. चहा या वेळी मिळाला नाही.

एप्रिल लागला. हंगामाचे जेमतेम तीन आठवडे राहिले. हाजराबी रोजगाराला ऊस बांधायला जाऊ लागली. त्या घरातली बाई दुसऱ्याच्या शेतात कधी गेली नव्हती. कुतुबभाई तिला काही बोलले नाहीत. ती मात्र बोलली. "तुमच्या पक्षाची पेंढी बांधून येते," असं रोज सकाळी सांगून जाई.

त्याच आठवड्यात लालासाहेबांच्या नातवाचं बारसं होतं. साडू म्हणून हंबीरराव येणार, हे ठरलेलंच. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि त्यांच्यात फूट पाडणं कुठल्याही दिल्लीला जमलेलं नव्हतं. कुतुबभाई धुतलेली टोपी घालून गेले. पंगत बसली होती. हंबीरराव आणि लालासाहेब मांडीला मांडी लावून, आणि हंबीरराव लालासाहेबांच्या ताटात जिलबी कोंबत होते, "घ्या ओ, माझ्यासाठी एक." कुतुबभाई दोघांच्या समोर उभे राहिले.

"दादा, लालासाहेब, आता दोघं एकत्रच हाईसा. मुंबईतबी एकत्र हाईसा. किल्ल्या कमरंला असतील. खोली इथनं पन्नास पावलावर हाय. जेवण झालं की चला. दोन मिनिटाचं काम हाय."

पंगत थांबली. वाढप्याच्या हातातली बुंदी हातातच राहिली.

"कुतुबभाई," हंबीरराव हळू आवाजात म्हणाले, "घरच्या कार्यात राजकारण आणू ने."

"बराबर हाय," लालासाहेब म्हणाले.

तीन महिन्यांत दोघांचं एकमत झालेला हा पहिला ठराव. लालासाहेबांच्या पत्नी लीलाबाई पुढे आल्या. "भाऊजी, आदी जेवून घ्या. ह्येंचं काय ऐकताय," म्हणाल्या. कुतुबभाई बसले. जेवण लीलाबाईंचं होतं, पक्षाचं नव्हतं. ते पोटभर जेवले, घरी आले, परसात उभे राहिले आणि खोलीच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिले.

"काय बघताय?" हाजराबी म्हणाली.

"कुलपं त्येंची हायत," ते म्हणाले. "भिंत माझी हाय."

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन वर आल्यावर, गावाला नीट दिसेल अशा वेळी, कुतुबभाईंनी पहार घेतली. नाथाजी दुकान बंद करून मदतीला आला. सव्वीस जानेवारीलाही त्याने दुकान बंद ठेवलं नव्हतं. भिंत दगडमातीची, वडिलांनी रचलेली. कुतुबभाई एकेक दगड सोडवून बाजूला लावत होते, पाडत नव्हते. गाव जमलं. थोड्या वेळाने हंबीरराव आले.

"कुतुबभाई, हे काय चाललंय?"

"भिंत काढतुय."

"कार्यालयाची?"

"न्हाई. माझी."

हंबीररावांनी विचार केला. "कुलपाला हात न्हाई ना लावला?"

"आवं दादा, कुलपाला हात लावायचा असता तर जानेवारीतच पाच मिन्टात झालं असतं. तीन म्हैनं बायकूला ऊस बांधाय कशाला लावला असता?"

 रस्त्याकडे जाऊन हंबीररावांनी पितळी कुलूप ओढून बघितलं. ते घट्ट होतं. तेवढ्यात लालासाहेब आले, त्यांनी खालचं ओढून बघितलं. तेही घट्ट होतं. ताबा कुणाचाच गेला नव्हता. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि दोघं दोन वाटांनी घरी गेले.

दुपारी साण बाहेर आली. टेबल, खुर्च्या, तसबिरी आणि सतरंजी कुतुबभाईंनी जागच्या हलवल्या नाहीत. हाजराबीने विचारलं, सतरंजी तरी घ्यायची, पोरांना अंथरायला होईल. ते म्हणाले, ती माझी नाही. लिंबाच्या सावलीला साण मांडली. संध्याकाळपर्यंत एका टोळीचे सात कोयते आले, दुसऱ्या दिवशी वीस. हंगाम संपेपर्यंत हाजराबी शेतात गेली नाही. पक्षाच्या कुठल्याही सभेला कुतुबभाई पुन्हा गेले नाहीत. कुणी विचारलं तर सांगत, "आमी ग्येलो न्हाई कुठं. पक्ष कुठं ग्येला ते सांगा, मग यीन."

जुलैत सरकार पडलं आणि पक्षाचा आणखी एक गट झाला. लालासाहेब त्या नव्या गटात गेले. ते कुतुबभाईंकडे आले, एक मजबूत कुलूप मागितलं, किल्ल्या करून घेतल्या आणि कार्यालयाच्या दाराला लावलं. आपलं जुनं लोखंडी कुलूप काढायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. कुतुबभाईंनी आठवण केली नाही. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं त्यांचं मत होतं.

डिसेंबरात सांगलीहून एक निरीक्षक आले. जीपमधून उतरून त्यांनी रस्त्यावरून पाहणी केली आणि अहवाल लिहिला : शाखा कार्यालय अस्तित्वात असून तीन कुलपांनी सुरक्षित आहे, पक्षाची मालमत्ता अबाधित, कार्यालयप्रमुख श्री. कुतुबुद्दीन शिकलगार यांची पक्षनिष्ठा वादातीत.

हाजराबी आपल्या दोन शेळ्या त्याच खोलीत बांधत होती.