यातला लाल कुठला

डायलिसिस केंद्राची पांढरी व्हॅन चालवणाऱ्या ड्रायव्हरला सगळे सावकाशराव म्हणतात. नाव एका पेशंटने ठेवलं आणि बाकीच्यांनी ते बिनविरोध मंजूर केलं. सिग्नल सुटतो, पुढची गाडी निघते, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, आणि मग कुठे सावकाशराव गियर टाकतात. पेशंटांची याला कधीच हरकत नव्हती. ज्याला आठवड्यातून तीनदा जाऊन चार-चार तास सुया टोचून घ्यायच्या आहेत, त्याला तिथे लवकर पोचायची अशी कितीशी हौस असणार? केंद्राने एका वर्षी 'सुरक्षित चालक' म्हणून सावकाशरावांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेही मागेच पडतं.

पण हा सावकाशपणा स्वभावातला नव्हता, डोळ्यांतला होता. सावकाशरावांना लाल रंग दिसत नाही. नजर अशी की लांबच्या दुकानाची पाटी चष्म्याशिवाय वाचतील, पण पाटी कुठल्या रंगात आहे ते विचारू नका. लाल त्यांना काळपट दिसतो. हिरवा आणि तपकिरी हे दोन वेगळे रंग आहेत, हे त्यांनी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य केलंय. सिग्नलचा वरचा दिवा थांबायचा, खालचा निघायचा, हे त्यांचं पाठांतर. आणि पाठांतर दगा देऊ शकतं म्हणून पुढची गाडी हलेपर्यंत हलायचं नाही, हा नियम. लायसन्सच्या वेळी ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला लावले होते. रांगेतल्या पुढच्या माणसाने ते इतक्या खणखणीत आवाजात वाचले की सावकाशरावांना नापास व्हायला जागाच उरली नाही.

हे सगळं जगात फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तिच्या हिरव्या स्वेटरची मनापासून तारीफ केली होती. स्वेटर विटकरी होता. तिला वाटलं, माणूस लाजून गडबडला. लग्नानंतर चौथ्या दिवशी पिकलेले टोमॅटो आणायला पाठवलं आणि पिशवीतून कच्चे निघाले, तेव्हा उलगडा झाला. त्या दिवसापासून मोजे, शर्ट, गोळ्यांची पाकिटं, जे जे रंगीत ते ते तिच्या ताब्यात. कुणाला सांगू नकोस, असं त्यांनी विनवलं तेव्हा ती म्हणाली होती की सांगून मला काय बक्षीस मिळणार आहे. सव्वीस वर्षं तिने ब्र काढला नाही.

तर व्हॅनची बॅटरी. ती म्हातारी झाली होती. पेशंट येईपर्यंत गाडी उभी, आत कुणी दमलेलं बसलेलं, त्याला वारा लागावा म्हणून इंजिन बंद ठेवून पंखा चालू. बॅटरीने किती सोसायचं? थंड सकाळी ती नुसती 'टक' म्हणायची. मग हातगाडीवाल्यापासून वॉचमनपर्यंत जो सापडेल त्याने धक्का मारायचा. शेवटी मॅनेजरने तोडगा काढला. नवी बॅटरी पुढच्या तिमाहीत. तोवर चार्ज करून ठेवायचा एक डबा मिळतो म्हणे, त्याचे चिमटे बॅटरीला लावले की गाडी सुरू. "तुमच्याइतका काळजीवाला माणूस नाही आपल्याकडे," तो सावकाशरावांना म्हणाला. "तुम्हीच निवडून आणा."

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात एक जाडजूड, प्रेमळ मालकीणबाई होत्या. त्यांनी आधी इंजिन केवढं आणि डिझेल की पेट्रोल ते विचारलं, आणि खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका, असा दम दिला. आकडा सगळेच मोठा छापतात. तुमच्या इंजिनाला पुरतो का तेवढं बघा, महिन्याला एकदा चार्ज करा, आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत महिनोन् महिने टाकून ठेवू नका. मग त्यांनी दोन डबे काउंटरवर मांडले. एक आटोपशीर, एका चिमट्याला लाल रबर, दुसऱ्याला काळं. दुसरा जरा बोजड. त्याच्या चिमट्यांवर अधिक आणि उणे अशी बोटभर चिन्हं उठवलेली, डोळे मिटून चाचपली तरी कळतील अशी.

"हा घ्या म्हणत नाही मी," मालकीणबाई बोजड डब्यावर हात ठेवून म्हणाल्या. "ज्यांना लाल-काळं कळत नाही अशा लोकांसाठी आहे तो."

आणि त्या हसल्या. विनोद साधा होता, कुणाला लागावा म्हणून केलेला नव्हता. सावकाशरावही हसले, जरा जास्तच हसले, आणि त्यांनी आटोपशीर डबा उचलला. जो डबा जणू त्यांच्यासाठीच बनवला होता तो त्यांनी कोपराने बाजूला सारला. मालकीणबाईंनी जाता जाता एक बटण दाखवलं. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर डब्याला ती ओळखू येत नाही, चिमटे कसेही लावा, एकच दिवा लागून राहतो. तेव्हा हे बटण तीन सेकंद दाबायचं. मग डबा काही न तपासता, डोळे मिटून वीज सोडतो. उलटे चिमटे असतील तर ठिणग्या, जळलेल्या वायरी, वेळ वाईट असेल तर बॅटरीच तोंडावर फुटायची. म्हणून त्या वेळी लाल-काळा शंभरदा बघून घ्या, असं त्या म्हणाल्या.

घरी बायकोने लाल चिमट्याला जखमेवरची चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी असलेला चिमटा अधिकच्या टोकाला, बिनपट्टीचा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. झालं. चार महिने डब्याने इमानाने काम केलं. सावकाशराव पंखा-दिवे बंद करायचे, चिमटे लावायचे, किल्ली फिरवायचे, इंजिन धरलं की आधी बिनपट्टीचा काढायचे. पेशंट लोक खिडकीतून टाळ्या वाजवायचे.

मग ते एक आठवडा रजेवर गेले आणि व्हॅन बदली ड्रायव्हरकडे आली. त्याचं टोपणनाव रॉकेट. वय अठ्ठेचाळीस, डोकं सफाचट, पण चालवणं नावाला शोभेल असं. माणूस स्वच्छतेचा भोक्ता. त्याने व्हॅन धुतली, पायपुसण्या झटकल्या, आणि डब्याच्या चिमट्यावरची कळकट, तेलकट पट्टी सोलून चिमटा रॉकेलने लख्ख पुसून ठेवला. याहून सद्भावनेने कुणी कुणाचा घात केला नसेल.

सावकाशराव कामावर परतले त्या सकाळची पहिली पेशंट म्हणजे गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त, एकट्या, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. मध्ये दोन दिवसांचा खाडा पडलेला, त्यामुळे पाय सुजलेले, श्वास वरवरचा. लिफ्ट बंद. त्या पायऱ्या उतरून येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ सावकाशरावांनी गाडी गार राहावी म्हणून पंखा चालू ठेवला. बाई मागच्या सीटवर टेकल्या. किल्ली फिरवली. या वेळी 'टक'सुद्धा नाही.

त्यांनी बॉनेट उघडलं, डबा काढला आणि चिमटे उलटसुलट करून पाहिले, पट्टी कुठेच नव्हती. दोन्ही सारखे. दोन्ही काळे, स्वच्छ, चकचकीत. त्यांनी एका बाजूने लावून पाहिले: एक दिवा लागला, गाडी ढिम्म. उलटे लावले: तोच दिवा, गाडी ढिम्म. बॅटरी पुरती मेली होती. आता फक्त ते बटण उरलं होतं.

केंद्रातली खुर्ची अर्धा तास राखून ठेवतात, मग डायलिसिसचे तास कापतात. दुसरी व्हॅन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. बायकोला फोन करावा, तर त्यांच्या साध्या, बटणांच्या फोनवरून तिला आवाज ऐकू येणार, रंग दिसणार नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आतून बाईंच्या श्वासाचा आवाज येत होता, ओल्या पिशवीतून हवा जावी तसा. सावकाशरावांचा अंगठा बटणावर होता. निम्मी शक्यता बरोबरची. आयुष्यभर ते अशाच निम्म्या शक्यतेवर जगत आले होते आणि बहुतेक वेळा जिंकले होते.

त्यांनी अंगठा उचलला. चिमटे सोडवले, दोन्ही हातांत दोन धरून मागच्या खिडकीशी गेले.

"बाई, यातला लाल कुठला?"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर चुकीचं आल्यावर नव्हे, उत्तर कुठून आलं ते कळल्यावर शिक्षक बघतात, तसं. मग दम खात त्यांच्या उजव्या हाताकडे बोट केलं.

सावकाशरावांनी चिमटे लावले, तीन सेकंद बटण दाबलं, किल्ली फिरवली. इंजिनाने दोनदा खोकून तिसऱ्यांदा सूर धरला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पहिला चौक गेल्यावर बाईंनी विचारायला सुरुवात केली, एकेक वाक्य, मध्ये श्वास. सिग्नलला काय करता? सावकाशरावांनी सांगितलं, वरचा आणि खालचा. आणि पुढे गाडी नसली तर? मागचे हॉर्न वाजवतात, मग निघतो. आणि दिवे आडवे असले तर?

सावकाशरावांनी आरशातून मागे बाईंकडे पाहिलं.

"एकदा झालं तसं," ते म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. "नवीन चौक होता. पुढे कुणी नव्हतं. मी निघालो. एक सायकलवाला वीतभर अंतराने वाचला."

"गाडीत कोण होतं?"

"तुम्हीच होता, बाई. तुमचा डोळा लागला होता."

पुढच्या सिग्नलला बाई आपण होऊन म्हणाल्या, "लाल." थोड्या वेळाने, "हिरवा." केंद्र येईपर्यंत प्रत्येक दिव्याला त्या रंग पुकारत गेल्या, हजेरी घ्यावी तशा, आणि सावकाशराव प्रत्येक वेळी "हो बाई" म्हणत गेले. दोघांनाही यात गंमत वाटली नाही.

खुर्चीची वेळ टळायला चार मिनिटं होती. चाकाच्या खुर्चीत बसताना बाईंनी त्यांची बाही धरली.

"मी तक्रार करणार नाही. पण या गाडीत माझ्यानंतर आणखी चौघं बसतात. त्यांना विचारलंय का तुम्ही?"

सावकाशराव व्हॅनपाशी परत आले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. ऑफिसात जाऊन सांगतोय, म्हणाले. ती भडकली. नोकरीचं ती बोललीच नाही. "सव्वीस वर्षं मी तोंड शिवून बसले," ती म्हणाली, "माझ्या बहिणीला सांगितलं नाही मी. आणि तुम्ही एका पेशंटला भर रस्त्यात विचारून मोकळे झालात." मग सायकलवाल्याचं त्यांनी सांगितलं. ते ऐकून ती हळू आवाजात म्हणाली, "जा मग. सांगा."

मॅनेजर भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, पंख्याकडे पाहिलं, पेपरवेट फिरवला, आणि शेवटी हात पुढे केला. सावकाशरावांनी त्यावर किल्ली ठेवली. डोळ्यांची तपासणी करू, डॉक्टर काय म्हणतात बघू, दुसरं काही काम बघू, असं मॅनेजर म्हणाला. पण किल्ली त्याने ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर बंद केला. डॉक्टर काय म्हणणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. "कधीपासून आहे हे?" त्याने विचारलं. जन्मापासून, म्हणून सांगितल्यावर तो नकळत भिंतीवरच्या, सावकाशरावांचं नाव असलेल्या 'सुरक्षित चालक' यादीकडे बघायला लागला आणि मग घाईने दुसरीकडे.

बाईंचे चार तास संपायच्या आत रॉकेट येऊन पोचला. त्याला सगळं कळलं होतं. त्याने पट्टीबद्दल तीन वेळा माफी मागितली. सावकाशराव म्हणाले, तुझी चूक नाही, पट्टी खरंच घाण झाली होती. मग दोघं ऑफिसच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, आणि सावकाशराव फेऱ्या सांगू लागले. रॉकेट कागदाच्या मागच्या बाजूवर लिहीत होता.

दुपारचे पहिले शिंपीकाका. त्यांची घंटा बिघडली आहे, दार वाजवायचं, पण जोरात नाही, शेजारीण रात्रपाळी करून झोपलेली असते. त्यानंतर मायलेकी, पेशंट आई आहे, पण आधार लेकीला द्यायचा, चक्कर तिला येते. बेकरीवाल्यांना वळणावर मळमळतं, त्यांना पुढे बसवायचं आणि खिडकी अर्धी उघडी. तळमजल्यावरचे आजोबा "आज नको" म्हणतील. दर वेळी म्हणतात. पाच मिनिटं उभं राहायचं, मग येतात.

रॉकेटने 'पाच मिनिटं' खाली रेघ ओढली. आपण एवढा वेळ कुणाच्या दारात कधी उभे राहिलो नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"आणि गणिताच्या बाई?" त्याने विचारलं.

पलीकडच्या खोलीत कुठलंसं यंत्र टिंग टिंग करत होतं; कुणाचे तरी तास भरले होते.

"गाडीत बसल्यावर लगेच त्यांच्याशी बोलायचं नाही," सावकाशराव म्हणाले. "दम लागलेला असतो. उत्तर द्यायला हवं म्हणून त्या उगीच बोलायला जातात आणि आणखी लागतो. पहिला चौक गेला की स्वतःच सुरू करतात."

रॉकेटने लिहिलं: पहिला चौक. मग पेन तसंच धरून तो पुढचं ऐकायला थांबला.