पाण्याच्या वेळेची डिबेट

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीत दोन गोष्टी कधी कमी पडल्या नाहीत: रिकाम्या बादल्या आणि किस्से. बादल्या निदान अधूनमधून भरायच्या तरी. किस्से नुसते साठतच गेले.

नव्वदीच्या सुरुवातीला केबल आली, आणि अमेरिकेची निवडणूक अटीतटीची झाली. तिथल्या उमेदवारांची डिबेट आपल्याकडे सकाळी साडेसहाला लागायची. खालच्या नळाला पाणीही नेमकं तेव्हाच! केबल फक्त चेअरमन सबनीससाहेबांकडे. म्हणून बादल्या रांगेत आणि आम्ही त्यांच्या हॉलमध्ये. साहेब अगदी अभ्यास केल्यासारखे बघायचे, कारण आमचीही निवडणूक तोंडावर होती आणि त्यांच्या खुर्चीला पहिल्यांदाच आव्हान मिळालं होतं. आव्हान देणारा दशरथ भोईर, कारखान्यातला फिटर, तिथेच चटईवर बसलेला असायचा!

*

इंग्रजी फक्त साहेबांना कळायचं. एक उमेदवार हातवारे करत बराच वेळ बोलला. आम्ही विचारलं, "काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"एवढं बोलून?"

"लोकशाही आहे!"

*

भोईरला भाषेची गरजच नव्हती. एकाने पुढ्यातला ग्लास उचलला, तसा हा म्हणाला, "ह्यो पडनार! प्रश्न आला का पानी पितंय."

साहेबांनी हातातला तांब्या हळूच खाली ठेवला.

*

फ्लॅट सबनीसवहिनींच्या नावावर होता, साहेब नुसते सहसभासद. म्हणजे मत वहिनींचं, रुबाब साहेबांचा. वहिनी दोन भरलेल्या बादल्या घेऊन तीन मजले चढून यायच्या आणि टीव्हीसमोरून आत जायच्या.

"अगं, बाजूला हो! पुढच्या चार वर्षांचं नियोजन सांगतोय!"

"त्याला विचारा, घरात पाणी कोण भरतं?"

*

एकदा ऐन रंगात डिबेट गायब आणि पडद्यावर हिंदी गाणी! साहेबांनी उल्हासनगरला केबलवाल्या लच्छूभाईला फोन लावला. तो म्हणाला, "साईं, दो आदमी इतनी देर से झगड़ रहे हैं, एक ने भी हाथ नहीं उठाया. पब्लिक देखेगी क्या?"

*

पण साहेबांच्या डोक्यात अमेरिका बसली ती बसलीच. त्यांनी लच्छूभाईला पटवलं आणि सोसायटीच्या निवडणुकीची डिबेट त्याच्या ऑफिसातून लाइव्ह ठेवली. साहेब टायमध्ये, भोईर इस्त्रीच्या शर्टात. प्रेक्षकांनी फोनवर प्रश्न विचारायचे. आम्ही सगळे वहिनींच्या हॉलमध्ये.

साहेबांनी पाण्याच्या नियोजनावर असं काही बोलायला घेतलं की भोईर गारच पडला. खुर्ची वाचली, असं आम्ही धरून चाललो. तेवढ्यात खालून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!" संध्याकाळचं पाणी! महिन्यात पहिल्यांदा! हॉल रिकामा झाला. मी बादली शोधत मागे राहिलो, म्हणून पुढचं मला दिसलं. वहिनींनी फोन लावला.

"अहो, पाणी आलंय. येताय का?"

साहेब कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, विषयाला धरून प्रश्न विचारा."

भोईर ताडकन उठला. "वैनी, तुमच्या बादल्या खाली ठेवा. मी आलोच!" आणि गेला की सायकलवरून!

साहेब रिकाम्या खुर्चीसमोर नियोजन सांगत राहिले. लच्छूभाईने गाणी लावली, तेव्हाच थांबले.

मतदान झालं. साहेब एका मताने पडले. मला समोर बसवून त्यांनी फितुराचा शोध सुरू केला. एकेक मजला झाला, एकेक दार झालं. हिशेब काही जुळेना. शेवटी वैतागून ओरडले, "अरे, मग माझं एक मत गेलं कुठे?"

आतून वहिनींचा आवाज आला, "पाणी भरायला!"